चौकशीला आलेला माणूस

मला माझ्या चुलत बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार सोशीक, समजूतदार बाई आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. पण आमच्या निपाणीकडं चार महिन्यांनी मोठी म्हणजे मोठीच, म्हणून बोलायला लागल्यापासून मी तिला आक्का म्हणत आलेय. चार महिन्यांसाठी जन्मभर आक्का म्हणायचं! माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली असावी.

तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिचे वडील म्हणजे माझे धाकटे काका, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते हायस्कुलात शिक्षक होते. माझे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि मी दहावीत असताना ते गेले. आई घरी बिड्या वळायची, अजूनही वळते. मांडीवर सूप घेऊन सकाळी बसली की दुपारी जेवायलाच उठते.

आक्का आणि मी बेळगावच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. एकाच बाकावर बसलो, एकाच डब्यातलं खाल्लं. फरक एवढाच, की तिची फी आप्पांनी भरली आणि माझी बँकेनं. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर माझी सही, तिच्याखाली सहकर्जदार म्हणून आईची, आणि जामीनदार म्हणून आप्पांची. आप्पांनी सही करताना एक शब्द विचारला नाही. काकीनं मात्र आईला दारातच ऐकवलं होतं, की सही करायला पेन लागतं, निस्तरायला कंबर लागते. आई नुसती हसली. मला तेव्हा काकीचा लई राग आला होता. आता वाटतं, बाई बोलली ते काय खोटं बोलली?

शिक्षण संपलं आणि आक्काला कॉलेजातूनच नोकरी लागली, बेळगावच्या मोठ्या कंपनीत. मला पुण्यात लागली, पण वर्ष व्हायच्या आत लॉकडाउन आला आणि ती गेली. मी बॅगा घेऊन परत आले. पुढं बेळगावातल्याच एका खाजगी डिप्लोमा कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचं काम मिळालं. पगार सोळा हजार, तोही दोन-दोन महिने उशिरा. हप्ते आधी एक राहिला, मग तीन राहिले, मग मी मोजायचं सोडून दिलं. बँकेनं सोडलं नाही. खातं थकीत झालं आणि फोन सुरू झाले. दर वेळी नवा नंबर, सकाळचा आवाज गोड, संध्याकाळचा खारट. आज किती भरताय मॅडम, असं विचारायचे. मी म्हणायचे, आधी आमच्या कॉलेजला विचारा ते आज किती देतायत. मुलांसमोर फोन वाजू नये म्हणून तो टेबलावर पालथा घालून ठेवायची सवयच लागली. नोटिसा निपाणीच्या घरी जायच्या, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. आईला दोन्ही वाचता येत नव्हतं, त्यामुळं ती त्या नीट घडी घालून देवाच्या फळीवर ठेवायची आणि शनिवारी माझ्या हातात द्यायची.

बेळगावात मी खासबागेत एका खोलीत कॉट घेऊन राहायची. समोर एक इमारत बांधायला काढली होती. त्या इमारतीशी माझं काही वाकडं नव्हतं, एका रविवारी आक्काचा फोन येईपर्यंत. तिनं तिथं फ्लॅट बुक केला होता. दुसरा मजला, पूर्वेकडं गॅलरी. ती आनंदानं म्हणाली, तुझ्या अगदी समोरच गं, गॅलरीतनं हाक मारली तरी ऐकायला जाईल. मी म्हटलं, अरे वा. फोन ठेवला आणि रात्रीचं जेवण जाईना. म्हणजे आता ही वरून हाक मारणार, आणि मी खालून मान वर करून ओ देणार. त्या दिवसापासून सकाळी दात घासताना मी त्या इमारतीकडं बघायची. सेंट्रिंगवाले आले नाहीत की बरं वाटायचं.

मग एका शनिवारी आप्पा आमच्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि फार संकोचून बोलले. आक्काच्या घरकर्जाला ते सहकर्जदार होते. बँकेनं त्यांचं नाव तपासलं तर माझ्या थकीत खात्याला जामीनदार म्हणून ते निघाले. त्या खात्याची तडजोड होऊन तसं पत्र मिळाल्याशिवाय घरकर्ज मंजूर होणार नव्हतं. आणि महिनाअखेरपर्यंत मंजूर झालं नाही, तर बिल्डरला दिलेले पैसे बुडणार होते आणि फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता. त्यात आप्पांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग होता. एवढं सांगून ते म्हणाले, "पोरी, तुला दोष देत न्हाय मी. तुझं जमंल तसं कर. तेवढा कागद मिळंल असं बघ."

मी व्हय म्हटलं. ते गेले आणि मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, कारण मला हसू येत होतं. लाज वाटते लिहायला, पण आलं. जन्मात पहिल्यांदा आक्काची एखादी गोष्ट माझ्यापाशी येऊन अडली होती.

तडजोडीची वाट काही अवघड नव्हती. निपाणी शाखेच्या मॅनेजरांनी मला आधीच सांगितलं होतं, की तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणा, पगार खरंच कमी असेल तर दंडाचं व्याज सोडू, हप्ता पगाराप्रमाणं बारीक करून देऊ. पहिला हप्ता भरला की जामीनदाराला पत्र. पावत्या माझ्या पर्समध्येच होत्या. शनिवारी निपाणीला जायची बस पकडायची, बँकेत द्यायच्या, झालं. मी एक शनिवार कॉलेजात काम आहे म्हटलं. पुढच्या शनिवारी शाखा बंद व्हायच्या वेळेला पोचले आणि शटर पडलेलं बघून आईला म्हटलं, बघ, नशीबच नाही. संकेश्वरला बस थांबली तेव्हा मी उतरून निवांत ऊसाचा रस पिऊन आले होते, हे तिला सांगितलं नाही.

त्याच शनिवारी आईनं मला एक बातमी दिली. गुरुवारी दुपारी एक माणूस चौकशीला येऊन गेला होता.

आमच्याकडं पोरीचं ठरवायच्या आधी मुलाकडचे एखादा माणूस गुपचूप पाठवतात. तो येतो, पाणी मागतो, बसतो, मुलगी काय करते, पगार किती, घरचं कसं, असं सहज विचारल्यासारखं विचारतो. आपण कुणाकडून आलो ते तो सांगत नाही, आणि आपणही विचारायचं नसतं. विचारलं तर अडाणी ठरतो. नुसतं ओळखायचं, पोहे करायचे आणि बोलताना पोरगी दोन पायऱ्या वर चढवून सांगायची. समोरचाही त्या दोन पायऱ्या वजा करूनच ऐकतो. आईनं मध्यस्थ बाईला माझ्यासाठी स्थळ बघायला सांगून ठेवलंच होतं. त्यामुळं इस्त्रीच्या शर्टातला, हातात फाईल घेतलेला माणूस दारात येऊन मुलीबद्दल जरा विचारायचं होतं म्हणाला, तेव्हा तिला शंका यायचं कारणच नव्हतं. तिनं सूप बाजूला सारलं, तंबाखूचे हात धुतले आणि पोहे टाकले. तो दीड तास बसला आणि पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले, यावरून पसंती पक्की असं तिचं म्हणणं होतं.

काय काय सांगितलंस, असं मी विचारलं. चांगलंच सांगितलं, असं म्हणून ती गालातल्या गालात हसली. खोटं कशाला बोलू, मीही हुरळले. आठवडाभर कॉलेजात फोन पालथा ठेवायचं विसरले. आक्काचं अजून कुठं ठरलेलं नव्हतं, आणि माझं आधी ठरलं तर? फ्लॅट तिला, नवरा मला. त्या आठवड्यात मी समोरच्या इमारतीकडंसुद्धा जरा मायेनं बघितलं.

पुढचा शनिवार बँकेच्या सुट्टीचा, पण त्या दिवशी मुद्दाम शाखा उघडून बँकेनं थकीत कर्जांच्या तडजोडीचा दिवस ठेवला होता. आता टाळायला जागा नव्हती. सहकर्जदार म्हणून आईला आणि जामीनदार म्हणून आप्पांना बोलावणं होतं. आक्का रजा काढून आली, कारण तिचा फ्लॅट त्या कागदावर लटकला होता आणि महिना संपायला चार दिवस होते. आणि जिथं आक्का तिथं काकी. आम्ही पाच जण बाकड्यावर रांगेनं बसलो. माझ्या पर्समध्ये पावत्या होत्या आणि पहिल्या हप्त्याचे पैसे होते.

आत बोलावलं. मॅनेजरांच्या टेबलाच्या बाजूला एक तरुण माणूस फाईल घेऊन उभा होता. आईनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली. माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्योच त्यो. चौकशीला आलता त्यो." मला आधी काही कळेना. मुलाकडचा माणूस बँकेत काय करतोय? मग त्याच्या गळ्यातलं बँकेचं ओळखपत्र दिसलं. तो वसुलीचा माणूस होता.

मी पावत्या पुढं केल्या. मॅनेजरांनी त्या वरवर बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. म्हणाले, खाजगी कॉलेजच्या पावत्यांवर आम्ही काय विश्वास ठेवायचा, निम्मा पगार हातात देतात हे आम्हाला माहीत आहे. आमच्या माणसानं घरी जाऊन रीतसर माहिती घेतली आहे, तुमच्या आईंनीच दिली आहे. आणि त्यांनी फाईल उघडून एकेक ओळ मराठीत वाचायला सुरुवात केली. मुलगी बेळगावात मोठ्या कंपनीत. पगार पंचेचाळीस हजार. ने-आण करायला कंपनीची गाडी. लग्नासाठी दहा तोळे वेगळे काढून ठेवलेले. खासबागेत फ्लॅट बुक केला आहे, दुसरा मजला, पूर्वेकडं गॅलरी.

गॅलरीपाशी आक्कानं चटकन माझ्याकडं बघितलं. काकीनं पदर तोंडाला लावला. वर माझं नाव होतं आणि खाली सगळं आक्काचं आयुष्य लिहिलेलं होतं. आईनं दोन पायऱ्या चढवल्या नव्हत्या, तिनं मला उचलून थेट दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅनेजरांनी फाईल मिटली. म्हणाले, "फ्लॅट घ्यायला पैसे आहेत, आणि बँकेला द्यायला नाहीत? असल्या खात्याला आम्ही सवलत देत नाही."

मी बोलायला पाहिजे होतं. साहेब, आईनं गैरसमजानं सांगितलं, एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. पण मी बोलले नाही. आईची अब्रू जाईल, तीही काकीच्या देखत, म्हणून मी गप्प राहिले असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते धादांत खोटं आहे. मी गप्प राहिले, कारण मी गप्प राहिले तर तो फ्लॅट जाणार होता. माझं कर्ज तसंही होतंच, त्यात दंडाचं व्याज म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण मी रोज दात घासताना आक्काची गॅलरी बघायची नाही, एवढं तरी होणार होतं. आप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते माझ्याकडं बघत होते. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघितलं.

तेवढ्यात आई उठून उभी राहिली. बँकेत साहेबासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती. सही करायला लावली की करायची आणि हात जोडायची, एवढंच. ती आधी हात जोडायला गेली, मग तसेच खाली घेतले.

"साहेब, त्यात लिवलंय ते खरं हाय," ती म्हणाली. "पर ते माझ्या पोरीचं न्हवं. ह्या पोरीचं हाय, माझ्या जावंच्या." तिनं आक्काकडं बोट केलं. "हा पोरगा लग्नाच्या चौकशीला आलाय असं वाटलं मला. माझ्या पोरीचं सांगण्यासारखं काय न्हवतं, म्हणून हिचं सांगितलं."

माझ्या पोरीचं सांगण्यासारखं काय न्हवतं. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलंय, मनातल्या मनात, बसमध्ये, प्रयोगशाळेत बाटल्या पुसताना. ती पुढंही बोलली. सोळा हजार पगार, दोन महिने उशिरानं येतो, दहा तोळे सोडाच, तिचं स्वतःचं कानातलंसुद्धा माझ्या वडिलांच्या आजारपणात गेलं, सगळं सगळं.  काकीला आयुष्यभर पुरेल एवढा मसाला मिळाला होता, पण ती खाली मान घालून बसली होती, आणि मला तिची ती मान पाहवेना.

मग आक्का उठली. तिनं फोनमधली फ्लॅटची पावती काढून मॅनेजरांसमोर धरली, नाव तिचं, आप्पांची सही. स्वतःची पगाराची पावतीही दाखवली, पंचेचाळीस हजार. मॅनेजरांनी दोन्ही बघितलं, माझ्या पावत्या परत जवळ ओढल्या आणि या वेळी नीट वाचल्या. मी काय म्हणाले असेन मनात? हेच, की इथंही शेवटी कामाला आला तो तिचाच कागद. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत माझी.

दंडाचं व्याज सुटलं. साडेतीन हजाराचा हप्ता ठरला. मी पहिला हप्ता भरला, तिघांनी सह्या केल्या आणि आप्पांना पत्र मिळालं. पत्र खिशात ठेवताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, कारण माझं गप्प बसणं त्यांनी पाहिलं होतं आणि तरीही ठेवला होता.

आक्काचं घरकर्ज मंजूर झालं. वास्तुशांतीला मी गेले, पंगतीत वाढलं, सगळ्यांना गॅलरी दाखवली. आता ती सकाळी खरंच वरून हाक मारते, चहाला ये म्हणून, आणि मी मान वर करून ओ देते. हेवा गेला असं नाही. हप्ता दर महिन्याला जातो, हेवा काही कुठं जात नाही.

पण त्या दिवशी बँकेतून निघताना काय झालं तेही सांगते. बाकीचे पुढं बाहेर पडले होते. वसुलीचा तो माणूस माझ्या मागून जिन्यापर्यंत आला. चिकोडीकडचा असावा, त्याच्या मराठीला कन्नडचा हेल होता. त्यानं आधी माफी मागितली. तुमच्या आईंनी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही मॅडम, म्हणाला, आणि पोहे चांगले होते. मी चांगली खवळले होते. आता अजून काय विचारायचं राहिलंय, असं त्याला म्हटलं.

तो जरा घुटमळला. फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमच्या आईनी अजून एक सांगितलेलं," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये त्याला जागा न्हवती, म्हणून मी लिवलं न्हाय. पोरगी शनिवारी घरी आली की पयलं तेल कोमट करून माझी पाठ चोळती, मग चप्पल काढून ठेवती, म्हणाल्या. सूप घेऊन बसून पाठ धरती म्हणून. तेच लई वेळ सांगत होत्या." मग त्यानं खरंच चौकशीला आल्यासारखं विचारलं, "ते पण त्या ताईंचंच काय?"

खाली रस्त्यावर आई उन्हात उभी होती, एक हात कमरेवर, माझी वाट बघत.

"न्हाय," मी म्हटलं. "ते माझं."